सहाव्या आठवड्यात धावणे सुटते. नेमके काय चुकत असावे?

अर्धवट_धावपटू

नमस्कार. गेल्या दोन वर्षांत मी तीनदा धावायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सुटले. माझे वय ३८ आहे, काम पूर्णपणे बैठे आहे, वजन थोडे जास्त असले तरी आजार काही नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह इतका असतो की सोमवार ते शुक्रवार रोज ५ किलोमीटर धावतो आणि आदल्या दिवसापेक्षा चार सेकंद तरी कमी लागावेत म्हणून शेवटच्या वळणानंतर जीव तोडून पळतो. तिसऱ्या खेपेला ३१ मिनिटे २० सेकंदांपर्यंत मजल गेली होती. त्यानंतर मात्र वेळ सुधारेना, उलट वाढू लागली. मनगटावरचे घड्याळ दर किलोमीटरला थरथरते, मी खाली पाहतो, आकडा कालच्यापेक्षा वाईट असला की उरलेले अंतर केवळ चडफडत पूर्ण होते.

मग काहीतरी निमित्त होते. एकदा कामानिमित्त आठवडाभर बाहेर जावे लागले, एकदा नडगी दुखू लागली, आणि तिसऱ्या वेळी तर सांगण्यासारखे कारणही नव्हते. गजर वाजल्यावर मी उठतो, पलंगाच्या कडेवर बसतो आणि ‘आज जावे की उद्या दुप्पट धावावे’ याचा हिशोब मांडू लागतो. तो हिशोब संपेपर्यंत धावण्याची वेळ निघून गेलेली असते. आठवडाभर खंड पडला की पुन्हा बाहेर पडायची लाज वाटते आणि त्या आठवड्याचे दोन-तीन महिने होतात.

स्फूर्तिदायक चित्रफिती पाहून झाल्या, गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून झाला, शर्यतीत नाव नोंदवून ती चुकवूनही झाली. माझ्यात प्रेरणाच कमी आहे का? जे लोक वर्षानुवर्षे धावतात, ते रोज सकाळी स्वतःला कसे तयार करतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

मध्यम_पल्ला

आपण लिहिलेले दोनदा वाचले. प्रेरणेविषयीचा परिच्छेद बाजूला ठेवून मी त्या ३१ मिनिटे २० सेकंदांकडे पाहत बसलो, कारण रोगाचे मूळ मला तिथे दिसते. ५ किलोमीटरला एवढा वेळ म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे १६ सेकंद. ही आपल्या आजच्या कुवतीची शर्यतीची गती झाली, आणि आपण ती आठवड्यातून पाच वेळा गाठायला जात होता. रोज सकाळी वार्षिक परीक्षा असेल तर पलंगाच्या कडेवर बसून टाळाटाळ करणारा मनुष्य आळशी ठरत नाही. समोर काय वाढून ठेवले आहे हे त्याच्या शरीराला ठाऊक झालेले असते.

आपला रोजचा सराव किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटांच्या आसपास असायला हवा, आणि त्या गतीलाही दम लागत असेल तर मध्ये मध्ये चालायला हवे. कसोटी सोपी आहे: धावता धावता दोन-तीन पूर्ण वाक्ये न अडखळता बोलता आली पाहिजेत. बरोबर कोणी नसेल तर स्वतःशी काहीतरी म्हणावे. मी एकोणतिसाचा पाढा म्हणतो. तो चुकला की दमामुळे चुकला की मुळातच येत नव्हता हे ठरवता येत नाही, ही त्या पद्धतीतली एक उणीव आहे.

सहाव्याच आठवड्यात गाडी का अडते, याचे कारणही शरीराच्या रचनेत सापडते. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील प्लाझ्माचे, म्हणजे द्रव भागाचे, प्रमाण वाढते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते आणि कालपर्यंत दमवणारी चढण आज सोपी वाटते. स्नायूही तुलनेने लवकर जुळवून घेतात. स्नायूबंध आणि हाडे मात्र आपल्याच चालीने चालतात; त्यांना पुरते बळकट व्हायला महिने लागतात, आणि हाडाच्या बाबतीत तर नव्या भाराला तोंड देताना जुना भाग आधी झिजवला जातो व नवा नंतर भरला जातो, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत ते तात्पुरते कमकुवतच असते. म्हणजे ज्या सुमारास श्वास ‘अजून पळ’ असे सांगत असतो, त्याच सुमारास नडगी सर्वांत नाजूक असते. आपली दुखणारी नडगी आणि सुधारेनाशी झालेली वेळ हे एकाच चुकीचे दोन परिणाम असावेत असा माझा तर्क आहे.

सावकाश धावणे हे नवशिक्यांचे काम, असा एक समज आहे. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी स्टीफन सायलर या अभ्यासकाने तपासल्या, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सोप्या तीव्रतेची असल्याचे आढळले. त्याआधी कितीतरी वर्षे न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून वेगाच्या सरावाआधी लांब पल्ल्याचा पाया घालून घेत. ८०० मीटरसारख्या वेगवान शर्यतीत उतरणारे पीटर स्नेलही आठवड्याला शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या, घरात धावत असत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांचेच दुसरे शिष्य मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. आपल्याला त्यातले १६० किलोमीटर घ्यायचे नाहीत, केवळ क्रम घ्यायचा आहे: आधी पाया, मग वेग.

प्रत्यक्षात काय करावे? आठवड्यातून चारच दिवस, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, अंतर न मोजता. पंधरा मिनिटे जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. घड्याळ हवे तर खिशात ठेवावे, पण मनगटावर नको. आठ आठवडे हेच करावे, वाढ काही करू नये. कंटाळवाणे वाटेल, वाटू द्यावे.

दाराजवळचे_बूट

मध्यम_पल्ला यांनी शरीराची बाजू मांडली आहे, मी पलंगाच्या कडेवरच्या त्या हिशोबाविषयी लिहिते, कारण तो हिशोब मी चार वर्षे मांडला आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी सवय ठरलेल्या प्रसंगाला जोडून रोज पाळायची आणि ती कितपत आपोआप घडते याची नोंद ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्तीगणिक तो १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि व्यायामाच्या सवयीला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा अधिक वेळ लागला. आता आपले सहा आठवडे मोजा, ते ४२ दिवस होतात. त्यातही आपण रोज धावत नव्हता. म्हणजे ज्या टप्प्यावर आपण स्वतःला ‘प्रेरणाहीन’ ठरवून मोकळे झालात, त्या टप्प्यापर्यंत सवय लागण्याची अपेक्षा करणेच घाईचे होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. मला स्वतःला या एका वाक्याचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही चित्रफितीचा झाला नाही, कारण एक दिवस चुकला की सगळे संपले असे समजून मी पुढचे दहा दिवस स्वतःहून चुकवत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय सकाळी घ्यायचाच नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या नेमक्या संकल्पांवर बरेच काम केले आहे. ‘मी नियमित धावीन’ ही इच्छा झाली; ‘मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी दात घासून झाले की मी बूट घालीन’ हा असा संकल्प झाला. त्यात धावण्याचा उल्लेखही नाही हे लक्षात घ्यावे. बूट घालून दाराबाहेर उभी राहिलेली व्यक्ती सहसा धावतेच, आणि नाही धावली तरी तिने आपला शब्द पाळलेला असतो.

यात बारीकसारीक अडथळे कसे नडतात त्याचे एक उदाहरण सांगते. मी कपडे खुर्चीवर, बूट दाराशी आणि किल्ली बुटात ठेवून निजत असे, तरीही एका आठवड्यात तीन वेळा परत अंथरुणात गेले. विचार केल्यावर लक्षात आले की पायमोजे कपाटात राहत होते, त्या कपाटाचे दार करकरते, आणि आवाजाने मूल जागे होईल या धास्तीने मी तिथेच थबकत असे. थबकले की हिशोब सुरू. त्या दिवसापासून पायमोजे गुंडाळी करून उजव्या बुटात कोंबलेले असतात, किल्ली डाव्यात. प्रेरणेचा प्रश्न म्हणून जे मी महिनाभर उगाळत होते, ते बिजागरीचे दुखणे निघाले. (बिजागरीला तेल घालायचे मात्र अजून राहिलेच आहे.)

आणखी एक: आपली किमान मर्यादा ठरवून ठेवा, आणि ती हसू येईल इतकी लहान असू द्या. माझी दहा मिनिटांची आहे. झोप झालेली नाही, पाऊस आहे, मन उदास आहे, अशा दिवशी दहा मिनिटे धावून परत येते आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावत नाही. ताप किंवा छातीत कफ असेल तर मात्र ती दहा मिनिटेही नकोत, तो विश्रांतीचाच दिवस.

सेकंदकाटा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण थोडा विरोधी सूर लावतो. घड्याळ काढून ठेवा, आठ आठवडे कंटाळा सोसा, हा सल्ला सर्वांना मानवेल असे नाही. मी आकड्यांवरच जगणारा माणूस आहे. मला कोणी आकडे पाहू नकोस म्हटले असते, तर मी दुसऱ्या आठवड्यात बुद्धिबळाकडे वळलो असतो.

माझ्या मते दोष आकडे पाहण्यात नसून चुकीचा आकडा पाहण्यात आहे. एका दिवसाची गती ही झोप, उष्मा, वारा, आदल्या दिवशीचा थकवा यांवर इतकी हेलकावते की तिच्यावरून प्रगती जोखणे म्हणजे तासातासाला वजन करण्यासारखे आहे. त्याऐवजी एका वहीत महिन्यातील धावण्याच्या दिवसांची संख्या लिहावी, कारण ती संख्या पूर्णपणे आपल्या हातात असते. आणि सुधारणा पाहायचीच असेल, तर दर चार आठवड्यांनी एकदा त्याच सपाट वाटेवर, त्याच वेळी, नाडीचे ठोके ठरावीक मर्यादेत ठेवून ३ किलोमीटर धावावे आणि लागलेला वेळ टिपावा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी याच नोंदी १४५ ठोक्यांना २४ मिनिटे १० सेकंद, मग २३ मिनिटे ३० सेकंद, मग २३ मिनिटे ४५ सेकंद अशा आहेत. तिसरा आकडा घसरलेला असूनही मी खचलो नाही, कारण शेजारच्या रकान्यात त्या महिन्याचे १७ दिवस लिहिलेले होते.

कंटाळ्यावरही उपाय आहे. स्वीडनचे प्रशिक्षक यस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रुजवलेला फार्टलेक हा प्रकार त्यासाठीच चांगला. त्या स्वीडिश शब्दाचा अर्थच ‘वेगाचा खेळ’ असा होतो. पुढच्या झाडापर्यंत जोरात, मग श्वास शांत होईपर्यंत हळू, मग मन होईल तेव्हा पुन्हा जोरात. यात घड्याळाची गरज नसते, मोजदाद नसते आणि तरीही पायांना वेगाची ओळख राहते.

शर्यत चुकवली म्हणून शर्यतींवर फुली मारू नका. तारीख पुरेशी दूर असावी, किमान बारा आठवडे, आणि पहिल्या वेळी उद्दिष्ट फक्त हसतमुखाने संपवण्याचे असावे.

मध्यम_पल्ला

वहीची सूचना मान्य. फार्टलेकविषयी मात्र एक पुस्ती जोडतो: नडगी दुखत असताना तो खेळ नको. झाडापर्यंत जोरात जाणाऱ्या माणसाला ते झाड दर आठवड्याला दूरचे निवडण्याची खोड असते, आणि प्रश्नकर्त्यांचा एकूण स्वभाव पाहता ते त्याला अपवाद ठरतील असे वाटत नाही.

पुनश्च_एकदा

खंड पडल्यानंतरच्या लाजेबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून माझी भर. मी टाचेच्या दुखण्यामुळे पाच महिने, आणि घरातील आजारपणामुळे एकदा सात आठवडे धावू शकलो नव्हतो, त्यामुळे परत येण्याचा सराव मला धावण्याच्या सरावापेक्षा जास्त आहे.

चार-सहा दिवसांच्या खंडाने काहीही गमावले जात नाही. कित्येकदा उलट पाय ताजे होतात. सुमारे दोन आठवड्यांनंतर दमसास कमी होऊ लागतो आणि त्या सुरुवातीच्या घसरणीत मोठा वाटा रक्तातील प्लाझ्मा घटण्याचा असतो. म्हणूनच परतल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वेळा छाती भरून येते, ठोके वाढतात आणि ‘सगळे वाया गेले’ असे वाटते. प्रत्यक्षात जे लवकर गेलेले असते, ते लवकर परतही येते. या दोन-तीन वाईट दिवसांना परीक्षेचा निकाल समजून माणसे पुन्हा घरी बसतात, हे मी स्वतःवर आणि इतरांवर पाहिले आहे.

माझा नियम ढोबळ आहे. आठवडा बुडाला तर जिथे सोडले तिथूनच, पण पहिली दोन सत्रे निम्म्या वेळेची. महिना बुडाला तर पहिले दोन आठवडे चालणे आणि धावणे आलटूनपालटून, दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. ‘उद्या दुप्पट धावीन’ हे कर्ज कधीही घेऊ नये. बुडालेला दिवस बुडीत खात्यात टाकावा.

आता नडगी. नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाने हळूहळू दाबत खाली या. दुखणे हातभर नाही पण चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असेल, धावण्याच्या सुरुवातीला जाणवून नंतर कमी होत असेल, तर बहुधा भार कमी केल्याने ते आवरते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबल्यावर कळ येत असेल, रात्री किंवा साधे चालतानाही ठणकत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा, कारण ती हाडाला गेलेल्या बारीक तड्याची खूण असू शकते. मी टाचेच्या बाबतीत ‘धावता धावता मोकळी होईल’ म्हणत सहा आठवडे काढले आणि म्हणूनच पाच महिने बसलो.

अर्धवट_धावपटू

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर न देता तीन आठवडे करून पाहिले आणि मगच लिहीत आहे.

नडगीची तपासणी त्याच संध्याकाळी केली. दुखणे पट्ट्यातले होते, एका जागचे नव्हते, आणि मधल्या विश्रांतीने बरेच कमीही झाले होते. आठवड्यातून चार दिवस, ३० मिनिटे, असे ठरवले. घड्याळ खिशात ठेवल्यावर पहिल्याच दिवशी ते थरथरले आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ते घरीच ठेवले व साधा पंधरा मिनिटांचा गजर लावलेला फोन घेतला. बोलता येईल इतक्या गतीने धावायचे म्हणजे किती हळू, याची मला कल्पनाच नव्हती. एक वयस्कर गृहस्थ भरभर चालत जवळजवळ माझ्या बरोबरीने आले, आम्ही काही पावले शेजारी शेजारी गेलो आणि मला वळण नसलेल्या ठिकाणी वळून जावेसे वाटले. पाढा मात्र पूर्ण झाला, तेविसाचा.

सर्वांत मोठा फरक बुटांच्या संकल्पाने पडला. बारापैकी अकरा दिवस बाहेर पडलो. मागच्या गुरुवारी मुसळधार पाऊस होता; दाराशी उभा राहून नाडी बांधली, दहा मिनिटे धावलो, परतलो. वहीत त्या दिवसापुढे ‘१०’ लिहिले आहे आणि तो आकडा ‘३०’ च्या रांगेत विचित्र दिसतो. चुकलेल्या एका दिवसाचा रकाना रिकामाच ठेवला. तो भरून काढण्यासाठी रविवारी एक तास धावण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो.

एक शंका उरली आहे. सेकंदकाटा यांचा वेगाचा खेळ केव्हा सुरू करावा?

मध्यम_पल्ला

अकरा दिवस उत्तम. नडगी दाबूनही अजिबात दुखत नाही अशी अवस्था सलग दोन आठवडे टिकली आणि पहिले आठ आठवडे पूर्ण झाले, की आठवड्यातील एका दिवशी, शेवटच्या दहा मिनिटांत, चार वेळा वीस-वीस सेकंद थोडे वेगाने धावून पाहावे. तेही पूर्ण जोर लावून नव्हे, मध्ये मिनिटभर चालून. झाडे नंतर.

सेकंदकाटा

मान्य. फक्त ती वीस सेकंदे मोजायला घड्याळ लागेल, एवढे नमूद करून ठेवतो.